सौम्य

जुलै महिन्यातली संध्याकाळ होती. साताऱ्यात एकदा पाऊस लागला की चार-चार दिवस अजिंक्यतारा दिसत नाही आणि घरातले कपडे वाळत नाहीत. माझ्या खोलीत दोरीवर टाकलेल्या ओलसर गणवेशाखाली बसून नात मराठीचा गृहपाठ करीत होती. ती नववीत आहे. ‘विरुद्धार्थी शब्द लिहा व मूळ शब्दाचा वाक्यात उपयोग करा’ असा प्रश्न होता आणि शब्द होता ‘सौम्य’. ‘उग्र’ तिला येत होते, वाक्य मात्र सुचत नव्हते. मी डोळ्यांत औषध घालून आडवा झालो होतो. डोळे मिटलेलेच ठेवून मी सांगितले, “लिही. पोलिसांनी सौम्य लाठीमार करून जमाव पांगवला.” तिने ते लिहून घेतले. मग पेनाचा आवाज थांबला आणि तिने विचारले, “आबा, सौम्य म्हणजे किती लागतं?” मी काहीतरी थट्टेवारी नेले. तीही हसली आणि पुढच्या शब्दाकडे वळली. दोन दिवसांनी वही तपासून आली, तेव्हा त्या वाक्यापुढे लाल शाईत बरोबरची खूण होती.

ती खूण बघितल्यापासून मला चैन नाही.

मी तीसेक वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. दैनिकाचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण जे सांगतो आहे ते कुठल्याही दैनिकात घडले असते. ते वाक्य मी नातीसाठी रचले नव्हते. आरतीची एक ओळ संपली की दुसरी जशी आपोआप तोंडात येते, तसे ते आले. शिशाचे खिळे जाऊन संगणक आला तरी अशी जुळवून ठेवलेली वाक्ये आमच्या टेबलावर कायम होती. परिस्थिती तणावपूर्ण असली तरी नियंत्रणात असे. जखमी नेहमी किरकोळ असत. बंदोबस्त चोख असे आणि अनुचित प्रकार घडू नये म्हणूनच तो ठेवलेला असे. ‘सौम्य’ हा शब्द आमच्या पानांवर दोनच ठिकाणी येई. एक म्हणजे ‘कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का’, आणि दुसरे हे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट पाहिलेल्या या जिल्ह्यात पहिल्या शब्दप्रयोगाला फार अर्थ आहे. भांडी वाजली, पण भिंत पडली नाही, असे तो सांगतो आणि त्याच्यापुढे रिश्टर मापकावरचा आकडाही असतो. लाठीमाराच्या सौम्यपणापुढे आकडा छापलेला मला आठवत नाही. तो सौम्य होता हे कोणी ठरवले, मारणाऱ्याने की मार खाणाऱ्याने, हेही बातमीत कधी नसे.

आणखी एक गोष्ट आता, म्हणजे निवृत्त होऊन सहा वर्षे झाल्यावर, ध्यानात येते. ‘अमानुष लाठीमार’ हेही आम्ही छापत असू. विरोधी पक्षाच्या पत्रकात तो शब्द हमखास असे. पण आम्ही तो अवतरणचिन्हांत घालत असू, किंवा ‘असा आरोप त्यांनी केला’ असे शेपूट त्याला जोडत असू. ‘सौम्य’ला मात्र अवतरणचिन्ह नसे. अमानुषपणा कोणाचा तरी आरोप होता आणि सौम्यपणा ही आमची स्वतःची माहिती होती.

१९९३ च्या श्रावणातली गोष्ट. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी साठेक मुलेमुली एका सरकारी कार्यालयाच्या फाटकाशी सकाळपासून बसली होती. दोन वर्षांची शिष्यवृत्ती आली नव्हती आणि खानावळवाल्याने डबे बंद केले होते. त्यांच्या हातात निवेदन होते, ते साहेबांनी स्वतः येऊन घ्यावे एवढेच त्यांचे म्हणणे होते. भुरभुर पाऊस होता. आमचे तिथले वार्ताहर वृत्तपत्रांची एजन्सी आणि वह्या-पुस्तकांचे छोटे दुकान चालवीत. ते बातमीचा पुडा संध्याकाळच्या एसटीने कंडक्टरच्या हाती पाठवत आणि मग दुकानाशेजारच्या बूथवरून फोन करीत. त्या दिवशी पुडा येण्याच्या आधीच त्यांचा फोन आला. “साहेब, पोरास्नी लई हाणलंय,” एवढेच ते म्हणाले आणि लाइन तुटली. मी रिवाजाप्रमाणे पोलिसांकडे चौकशी केली. पलीकडचा आवाज शांत होता. सौम्य लाठीमार, चार किरकोळ, सगळे शांत आहे. रात्री नऊच्या सुमारास पुडा आला तेव्हा वार्ताहरांच्या निळ्या शाईतल्या मजकुरात नुसता ‘लाठीमार’ होता. मी लाल पेनाने त्याच्या डोक्यावर ‘सौम्य’ लिहिले.

कोणी सांगितले म्हणून ते केले नाही. संपादक घरी गेले होते, मालकांचा कधी फोन येत नसे, आणि ती बातमी त्यांच्या नजरेत भरावी एवढी मोठीही नव्हती. माझी त्यावेळची समजूत अशी होती की भडक लिहू नये, उद्या सकाळी लोकांची डोकी फिरू नयेत, कुठे एसटीची काच फुटू नये. हा जबाबदारपणा आहे असे मला वाटत असे आणि त्यात थोडे तथ्यही होते, कारण एका ओळीने बाजारपेठ बंद पडलेली मी पाहिली होती. पण त्याच लाल पेनाने मी ‘विद्यार्थी’ खोडून ‘जमाव’ केला आणि ‘उठवले’ खोडून ‘पांगवला’ केले, ते कोणत्या जबाबदारीने केले ते मला सांगता येत नाही. ती मुले बसलेली होती. बसलेल्या माणसांना पांगवता येत नाही. त्यांना उठवावे लागते, आणि ती उठत नसतील तर बसलेल्यांवर वरून मारावे लागते. वार्ताहरांचा शब्द नेमका होता. मी तो माझ्या सवयीच्या शब्दाने बदलला, आणि बदलताना वाक्य जास्त चांगले झाले असेच मला वाटले.

आठवडाभराने वार्ताहर एका मुलाला घेऊन कार्यालयात आले. खटाव-माणकडच्या उन्हात वाढलेली सडसडीत अंगकाठी, पायात टायरच्या वहाणा, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. प्लास्टर पावसाने मळलेले होते आणि त्यातून बाहेर आलेली दोन बोटे वांग्याच्या रंगाची झालेली होती. त्याला त्या दिवशीचा अंक हवा होता. त्याच्या वडिलांचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. काही केल्याशिवाय पोलीस कशाला मारतील, तू दगड टाकला असशील, असे ते म्हणत होते. पेपरात आलेले दाखवले तर ऐकतील, अशी त्याची खात्री होती. मी मागच्या फळीवरून अंक काढून दिला. त्याने टेबलावर तो पसरून डाव्या हाताचे बोट ओळीखाली फिरवीत बातमी वाचली. पाच-सहा ओळींचीच होती. वाचून झाल्यावर तो काही बोलला नाही. अंकाची किंमत छापली होती तेवढी नाणी त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली. मी “राहू दे रे” म्हणालो, तरी ठेवली. एका हाताने अंकाची घडी नीट जमेना, तेव्हा वार्ताहरांनी ती घालून दिली. तो अंक वडिलांना दाखवून त्याला काय मिळाले असेल? जमाव होता, तो पांगवला, सौम्य लाठीमार झाला. वडिलांचेच म्हणणे तिथे छापलेले होते.

त्या वडिलांना मी दोष देत नाही. ४ मे १९७० रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांत एक मुलगी नुसती तासाला चालली होती. त्यानंतर गॅलपने घेतलेल्या जनमत चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला आणि अवघ्या ११ टक्क्यांनी गार्डला. दोन दिवस आधी विद्यापीठाच्या आवारातली एक इमारत जळाली होती हे खरे, पण ती जाळल्याबद्दल या चौघांपैकी कोणाला शिक्षा होत नव्हती. हा आकडा मी पुष्कळ उशिरा वाचला, तेव्हा मला ओहायोपेक्षा खटावचा तो बाप आधी आठवला. पोरगा निर्दोष मार खाऊन आला हे मान्य करायचे, तर ज्यांच्या भरवशावर रात्री दाराला नुसती कडी लावून झोपतो त्यांच्याविषयी काहीतरी वेगळे मानावे लागते. पोराने दगड मारला असेल हे मानणे त्यापेक्षा सोपे असते.

शब्दांवरून एवढे काय, असे माझी पत्नी म्हणते. तिचेही खरे असेल. पण मी टेबलावर असताना ज्या एका मोठ्या घटनेच्या बातम्या रात्रीमागून रात्री लावल्या, ती मुळात एका शब्दावरून पेटली होती. १९८९ च्या एप्रिलमध्ये बीजिंगचे विद्यार्थी कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस हू याओबांग यांच्या निधनाचा शोक करण्यासाठी तिआनानमेन चौकात जमू लागले. २६ एप्रिलला ‘पीपल्स डेली’ या पक्षाच्या मुखपत्रात अग्रलेख आला आणि त्यात या सगळ्याला एक नाव देण्यात आले. त्या चिनी शब्दाला मी मराठीत ‘उत्पात’ म्हणेन. दुसऱ्याच दिवशी मुलांचे लोंढे रस्त्यावर आले. १३ मे रोजी मुले उपोषणाला बसली, तेव्हाही सरकारने आमच्याशी बोलावे या मागणीइतकीच ठळक मागणी ही होती की आमच्या चळवळीला उत्पात म्हणू नका, हे देशप्रेम आहे. हजारो मुले एक शब्द मागे घ्या म्हणून उपाशी बसली होती. तो शब्द मागे घेतला गेला नाही. २० मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, आणि ३ जूनच्या रात्री रणगाडे व चिलखती गाड्या शहरात घुसल्या. मग त्या शब्दाची जागा ‘प्रतिक्रांतिकारी दंगल’ या आणखी कठोर शब्दांनी घेतली आणि काही वर्षांनी सगळे निवल्यावर ‘राजकीय खळबळ’ असे मऊ नाव आले. सरकारनेही शेवटी सौम्यच शब्द निवडला. तिकडची माणसे अजून ४ जून असे उघड लिहू शकत नाहीत, म्हणून ती ‘३५ मे’ असे लिहीत आली आहेत.

त्या जूनमध्ये टेलिप्रिंटरवर कागदाची भेंडोळी येत होती. रणगाड्यांपुढे हातात पिशव्या घेऊन उभ्या राहिलेल्या त्या एकट्या माणसाचे छायाचित्र आम्ही पहिल्या पानावर चार कॉलम लावले होते. कटरने ब्रोमाइडची कड कापताना माझा हात थरथरला होता हे मला आठवते. आणि हेही आठवते की त्या बातमीचा मथळा मी लिहिला आणि त्यात ‘अमानुष’ हा शब्द होता. त्याला अवतरणचिन्ह नव्हते. बीजिंगहून मला कोणाचा खुलासा येणार नव्हता आणि बीजिंगच्या पोलिसांशी रोज रात्री फोनवर बोलायचेही नव्हते. चारच वर्षांनी, त्याच टेबलावर, चाळीस मैलांवरच्या मुलासाठी माझ्याकडे ‘सौम्य’ होते.

आमच्याच जिल्ह्यातल्या वडूजचेही तसेच. ९ सप्टेंबरला हुतात्म्यांना अभिवादनाचा कार्यक्रम होतो आणि त्याची बातमी मी वर्षानुवर्षे लावली. १९४२ साली त्या दिवशी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नऊ जण पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात तेच घडले, आणि त्याच ९ सप्टेंबरला इकडून शेकडो मैलांवर नंदुरबारात शिरीषकुमार मेहता या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलासह पाच जण पडले. या बातमीत ‘निःशस्त्र मोर्चावर बेछूट गोळीबार’ असे लिहिताना माझे पेन एकदाही अडखळले नाही. तेव्हाच्या कलेक्टराला फोन करून खातरजमा करावी असे मनात येण्याचा प्रश्नच नव्हता. १९९३ साली श्रावण संपल्यानंतर ती अभिवादनाची बातमी माझ्यासमोर आली असणार, म्हणजे प्लास्टरवाला मुलगा अंक घेऊन गेल्यानंतर दोन-चार आठवड्यांतच. तेव्हा मला काही वाटल्याचे आठवत नाही.

नातीच्या व्याकरणाच्या पुस्तकात पुढे प्रयोगांचा धडा आहे. तो वाचताना एक गंमत दिसली, तिला गंमत म्हणावे की नाही कोण जाणे. ‘मुले मार खातात’ हा कर्तरी प्रयोग. ‘पोलिसांनी मुलांना मारले’ हा भावे प्रयोग. भावे प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालत नाही आणि कर्माच्याही नाही. पोलीस एक असो वा शंभर, मार खाणारी मुलगी असो की साठ मुले, ‘मारले’ आपले नपुंसकलिंगी एकवचनी, दोघांपासून अलग उभे. आमच्या मराठीने हे वाक्य आधीच एवढे तटस्थ करून ठेवले आहे. तेही आम्हाला पुरत नसे, म्हणून आम्ही कर्ताच काढून टाकत असू आणि ‘लाठीमार करण्यात आला’ असे लिहीत असू. १६ जुलै २०२४ रोजी बांगलादेशात रंगपूरला अबू सईद हा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हे चित्रण जगाने पाहिले. नातीनेच मला ते मोबाइलवर दाखवले होते. पोलिसांच्या सुरुवातीच्या फिर्यादीत मात्र आंदोलकांच्या विटांचा उल्लेख होता आणि एक विद्यार्थी खाली पडताना दिसला, अशा अर्थाची नोंद होती. पडताना दिसला. ही ओळ वाचली तेव्हा तिच्यामागचा हात मी ओळखला. तो माझ्यासारख्याच कोणाचा तरी होता, रात्रपाळीचा, फार वाईट नसलेला.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहतात. मोती चौकातून फिरून येताना आम्ही बरोबर असतो. नातीचा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी चिडायला हरकत नव्हती, पण ते चिडले नाहीत. पिंडरीवर मारायचे शिकवलेले असते, म्हणाले. डोके नाही, मान नाही. “पण माणूस खाली बसलेला असला तर पिंडरी कुठं सापडणार? आणि काठी वर गेली की त्याचा हात आपसूक डोक्यावर जातो. मग बोटंच फुटतात.” सोळा-सोळा तास उभे राहून, पोटात एक वडापाव, समोर आपल्याच पोराच्या वयाची पोरे, आणि मागून हुकूम आला की विचार करायला अवधी नसतो, असेही त्यांनी सांगितले. ‘सौम्य’ हा शब्द आमचा नाही हो, असे ते शेवटी म्हणाले. आम्ही आपले ‘आवश्यक तेवढा बळाचा वापर’ असे लिहायचो, सौम्य तुम्ही पेपरवाले लिहिता. मला १९९३ चा फोनवरचा आवाज स्पष्ट आठवत होता, तरी मी वाद घातला नाही. बोटे फुटण्याची त्यांनी दिलेली ती माहिती मात्र घरी येईपर्यंत माझ्या मुठीत होती. वांग्याच्या रंगाची ती दोन बोटे त्या मुलाच्या डोक्याच्या जागी होती, हे मला बत्तीस वर्षांनी कळले.

आमच्याकडे दर पंधरवड्याला जमावबंदीचा आदेश प्रसिद्धीला येत असे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. त्यात लाठ्या-काठ्या, दगड बाळगण्यास मनाई असते, आणि त्याच दमात जाहीरपणे घोषणा देण्यास, गाणी म्हणण्यास, वाद्ये वाजवण्यासही. पाच किंवा अधिक लोकांनी जमायचे नाही. संविधानाने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, हे आम्ही २६ जानेवारीच्या पुरवणीत छापत असू आणि हा आदेश आतल्या पानाच्या कोपऱ्यात. त्या मुलांनी गाणी म्हटली होती. वार्ताहरांच्या मजकुरात तसे होते. गाण्यांची ओळ मी काढली होती.

मागच्या आठवड्यात मी त्या वार्ताहरांना फोन लावला. त्यांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे, दुकान मुलगा चालवतो. तिआनानमेनच्या रात्री सतरा वर्षांचा मुलगा गमावलेल्या दिंग झिलिन या बाईंनी इतर आयांबरोबर मेलेल्यांची नावे एकेक करून गोळा केली, दोनशेहून अधिक नावे झाली, कारण सरकारने यादी कधी दिलीच नाही, असे मी नुकतेच पुन्हा वाचले होते आणि तेच डोक्यात होते. मी त्यांना म्हणालो, तेव्हा आपण त्या चार मुलांची नावे घ्यायला हवी होती, तुम्ही ती पाठवली असती तर बरे झाले असते. फोनवर थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज आला. त्यांच्याकडे पत्रा आहे. मग ते म्हणाले, “अहो साहेब, दिली होती की मी. चौघांचीबी. गावासकट. तुम्हीच काढली असणार.”

काढली असणार. त्या दिवसांत सगळ्या साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा येतात आणि पानावर जागा नसते. नावे म्हणजे दोन ओळी. ‘चार विद्यार्थी किरकोळ जखमी’ हे अर्ध्या ओळीत बसते.

मी कागद शोधला, हाताशी लाइटचे बिल होते, त्याच्या मागे लिहून घेतले. त्यांना तीन नावे आठवली, गावांसकट. प्लास्टरवाला त्या तिघांत आहे का, ते त्यांना नक्की सांगता येईना. चौथे नाव ओठावर आहे, म्हणाले, जुन्या वहीत सापडेल, उद्या कळवतो. आज पाच दिवस झाले. मी त्यांना पुन्हा फोन केलेला नाही आणि त्यांचाही आलेला नाही. बिल भरण्याची तारीख परवा आहे, सून ते दोनदा मागून गेली.